फितूर कोण? : भ्रष्ट पोलिसांच्या कथांतील निष्ठा आणि विश्वास

'फितूर' हा शब्द आज मराठीत मुख्यतः दोन ठिकाणी जिवंत आहे. इतिहासाच्या पुस्तकांत किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणारा माणूस फितूर ठरतो. आणि न्यायालयीन बातम्यांत, पोलिसांपुढे एक जबाब देऊन न्यायाधीशांपुढे तो फिरवणारा साक्षीदार 'फितूर झाला' असे छापून येते. पोलीस ठाण्याच्या आत घडणाऱ्या कथा, नाटके, चित्रपट आणि मालिका वाचू-पाहू लागल्यावर मात्र या शब्दाचा तिसरा वापर समोर येतो. तेथे आतले बाहेर सांगणारा तो फितूर. म्हणजे न्यायालयात जो खरे सांगावयाचे नाकारतो तो फितूर, आणि ठाण्यात जो खरे सांगतो तो फितूर. एकच शब्द परस्परविरुद्ध कृतींना लावला जातो, याचा अर्थ त्या शब्दामागे दोन वेगळ्या मूल्यव्यवस्था उभ्या आहेत, आणि पोलिसाला दिवसातून अनेकदा एकीतून दुसरीत जावे लागते. प्रस्तुत टिपणात या सरहद्दीवर काय घडते एवढेच पाहावयाचे आहे.

या प्रश्नाकडे मी वळले ती अध्यापनाच्या निमित्ताने. मी बारामतीत राहते आणि गेली काही वर्षे बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर वर्गात मराठी शिकवते. आमच्या वर्गात बसणारा विद्यार्थी निव्वळ साहित्याचा विद्यार्थी क्वचितच असतो. त्याच्या पिशवीत समीक्षेच्या पुस्तकाशेजारी पोलीस भरतीचे प्रश्नसंच असतात. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने पहाटे धावणाऱ्या मुलामुलींपैकी काहीजण दहा वाजता माझ्यासमोर येऊन बसतात. शेजारच्या दौंडला राज्य राखीव दलाचे तळ आहेत. घरटी नाही तरी भावकीत एखादा पोलीस असतोच. त्यामुळे पोलीस हा आमच्या वर्गात केवळ साहित्यातील एक 'पात्रप्रकार' राहत नाही. तो कोणाचा चुलता असतो, कोणाचा उद्या होऊ घातलेला आत्मा असतो.

दुसरी गोष्ट भाषेची. २०२३ साली राज्यातील एक पक्ष फुटला आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघात एकाच घरातील दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिले. इंदापूर तालुकाही याच मतदारसंघात येतो. त्या काळात 'निष्ठा', 'निष्ठावंत', 'गद्दार' हे शब्द इथल्या चहाच्या टपरीपासून शिक्षककक्षापर्यंत इतके वापरले गेले की त्यांची धार बोथट झाली. त्या राजकारणात मला येथे शिरावयाचे नाही. एवढेच ध्यानात आले की 'निष्ठा कोणाशी?' हा प्रश्न प्रत्येकजण विचारत होता आणि 'निष्ठा म्हणजे काय?' हा कोणीच विचारत नव्हता. साहित्याच्या अभ्यासकाने निदान दुसरा प्रश्न तरी आपला मानावयास हरकत नाही.

माध्यमांतराच्या संदर्भात आम्ही वर्गात 'अर्धसत्य' (१९८३) पाहतो. श्री. दा. पानवलकर यांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन, आणि दिलीप चित्रे यांची शीर्षक पुरवणारी कविता अशी चार निर्मात्यांची ही संहिता आहे. या चित्रपटाविषयीची रूढ चर्चा 'व्यक्ती विरुद्ध व्यवस्था' या सूत्रात बसवली जाते. अनंत वेलणकर हा प्रामाणिक फौजदार, रामा शेट्टी ही भ्रष्ट सत्ता, आणि त्यांच्यातील संघर्षात वेलणकराची कोंडी. हे सूत्र चुकीचे नाही. पण मी एकदा वर्गाला साधा प्रश्न विचारला, 'या चित्रपटातील कोणाच्या हाताखाली काम करायला तुम्हांला आवडेल?' तेव्हा बहुतेकांनी वेलणकराचे नाव घेतले नाही. त्यांनी हैदर अलीचे नाव घेतले.

हे उत्तर मला विचार करावयास लावणारे वाटले. हैदर अली हा वेलणकराच्याच ठाण्यातील वरिष्ठ निरीक्षक. चित्रपट त्याला लाचखाऊ म्हणून रंगवीत नाही. तो अनुभवी आहे, शांत आहे, आणि मुख्य म्हणजे मायाळू आहे. वेलणकराच्या निलंबनासाठी वरून दबाव येतो, तेव्हा दिल्लीपर्यंत हात पोचलेल्या मध्यस्थाचा मार्ग हैदर अलीच दाखवतो. आणि शेवटी कोठडीत एका किरकोळ चोराला मारता मारता वेलणकराच्या हातून त्याचा जीव जातो, तेव्हा आता तुला फक्त रामा शेट्टीच वाचवू शकेल, हे सांगणाराही हैदर अलीच. प्रत्येक वेळी त्याचा हेतू मित्राला वाचवण्याचा आहे. प्रत्येक वेळी परिणाम असा की वेलणकर एकेका पायरीने शेट्टीच्या दिवाणखान्याजवळ सरकतो. तेथपर्यंत त्याला भीतीने नेलेले नाही आणि लोभानेही नाही. त्याला तेथे पोचवले ते काळजी वाहणाऱ्या एका सहकाऱ्याने.

यासाठी आपल्या बोलण्यात एक नेमका शब्दप्रयोग आहे : 'सांभाळून घेणे'. कचेरीत, कुटुंबात, गावकीत तो नेहमी सद्गुण म्हणून वापरला जातो. चूक झाली तर साहेबांनी सांभाळून घेतले. धाकट्याने गोंधळ घातला तर थोरल्याने सांभाळून घेतले. या कृतीत खरी आपुलकी असते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याला सांभाळून घेतले गेले तो मिंधा होतो, आणि मिंधेपणाची परतफेड पैशाने होत नाही, ती पुढच्या प्रसंगी गप्प राहण्याने होते. भ्रष्टाचार लोभातून पसरतो असे आपण धरून चालतो. 'अर्धसत्य' नीट पाहिला तर तो सांभाळून घेण्यातून पसरतो असे म्हणावे लागते. लोभी माणसे थोडी असतात. उपकाराखाली आलेली माणसे पुष्कळ असतात.

या चित्रपटात या साखळीबाहेर उभी असलेली एकच प्रमुख व्यक्ती आहे, आणि ती ज्योत्स्ना गोखले, महाविद्यालयात साहित्य शिकवणारी. व्यवसायबंधुत्वामुळे मला तिच्याविषयी अधिक कुतूहल वाटते हे उघड आहे. ती वेलणकराला पोलिसी नोकरी सोडावयास सांगते. तिचे बाहेर असणे तिला स्पष्ट दिसण्याची सोय देते. पण तिच्या शब्दाला आतल्या माणसाच्या दृष्टीने वजन नाही, कारण तिने त्याच्यासाठी काहीही पणाला लावलेले नाही. हैदर अलीचा सल्ला चुकीचा असूनही ऐकला जातो आणि ज्योत्स्नेचा बरोबर असूनही उपयोगी पडत नाही, ही या संहितेतील खरी शोकात्म विसंगती आहे.

आता हा मिंधेपणा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहावे. दहाअकरा वर्षे आधी, १६ डिसेंबर १९७२ रोजी रंगभूमीवर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये तेंडुलकरांनीच याचा नकाशा आखून ठेवला होता. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल; वैद्यकीय व्यवसायाच्या निमित्ताने त्यांचा दौंडशी संबंध राहिला, हे आमच्या भागात आवर्जून सांगितले जाते. नाटकातील घाशीराम पुण्यात अपमानित होतो, मुलगी नानांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो, आणि शहरावर सूड उगवतो. नानांचा हिशेब साधा आहे : कृत्ये चालू राहतील आणि बोल कोतवालाला लागेल. कोठडीत ब्राह्मण गुदमरून मरतात, शहर खवळते, आणि नाना कोतवालाला जमावाच्या स्वाधीन करतात. हे नाटक इतिहास नव्हे असे तेंडुलकर म्हणत आले. तरी ऐतिहासिक घाशीरामाचा अंतही १७९१ साली पुण्यात जमावाच्या दगडांनीच झाला.

या नाटकात निष्ठा आहे, पण ती केवळ उभी आहे, खालून वर जाणारी. घाशीरामाला सहकारी नाहीत. त्याला धनी आहे. आणि धन्याच्या बाजूने परत खाली येणारे काहीही नाही. मराठी दरबारी भाषेत यासाठी मिठाची प्रतिमा होती. 'निमकहलाल', 'निमकहराम', 'खाल्ल्या मिठाला जागणे' ही सारी भाषा खाणाऱ्याच्या कर्तव्याविषयी बोलते. मीठ देणाऱ्याच्या कर्तव्याविषयी तिच्यात जवळजवळ काहीच नाही. देणाऱ्याने खाणाऱ्याशी बेइमानी केली तर त्याला काय म्हणावे, याला आपल्याकडे रुळलेला शब्द नसणे हे अर्थपूर्ण आहे. पडद्यावरील मराठी शिपायाची प्रतिमाही अशीच आहे. 'सेक्रेड गेम्स' या २०१८ च्या मालिकेत जितेंद्र जोशी यांनी साकारलेला काटेकर आपल्या साहेबाच्या मागे मरेपर्यंत जातो, आणि प्रेक्षक हळहळतो तो या निष्ठेसाठीच. '१९९८' साली सुरू झालेल्या 'सीआयडी'सारख्या मालिकेत तर पथकातील परस्परविश्वास हा गृहीत धरलेला असतो. तेथे कथानक गुन्हेगाराभोवती फिरते.

आपल्याकडील पोलीसकथांत निष्ठा अशी उभीच का, समान दर्जाच्या सहकाऱ्यांमधली आडवी निष्ठा का दिसत नाही? याचे एक उत्तर साहित्याबाहेर सापडते. पोलिसांना संघटना करण्याचा हक्क १९६६ च्या केंद्रीय कायद्याने मर्यादित केला. सरकारच्या संमतीवाचून त्यांना संघ स्थापता येत नाही. महाराष्ट्रात पोलीस शिपायांची संघटना काही काळ उघडपणे काम करीत होती. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत शिपायांच्या असंतोषाचा उद्रेक झाला, संघटनेची मान्यता गेली, आणि ती वाट बंद झाली. 'अर्धसत्य' आला तो याच्या पुढच्या वर्षी. चित्रपटाने त्या घटनेवर भाष्य केले आहे असे मला सुचवावयाचे नाही. पण ज्या व्यवसायात समान दर्जाच्या माणसांना एकमेकांसाठी उघडपणे उभे राहण्याची मुभा नाही, तेथे निष्ठेला दोनच जागा उरतात : वरिष्ठाच्या खुर्चीपाशी, किंवा अंधारात. यात कायद्याची आणखी एक विचित्र तरतूद मिळवावी. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेविसाव्या कलमात ते कायम आहे. नागरिकाच्या संरक्षणासाठी ही तरतूद हवीच. तरी पोलिसाच्या बाजूने पाहिले तर राज्यसंस्थाच त्याला सांगत असते की तुझ्या कानावर आमचा विश्वास नाही. ज्यांच्यावर बाहेर कोणी विश्वास ठेवीत नाही ती माणसे विश्वासाचा शोध आत घेणार, हे ओघानेच आले.

अंधारातील या आडव्या निष्ठेचे सर्वांत निर्दय चित्रण मला एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत आढळले. शॉन रायन यांची 'द शील्ड' ही मालिका २००२ ते २००८ या काळात सात पर्वांत प्रक्षेपित झाली. १९९० च्या दशकाअखेर लॉस एंजेलिस पोलिसांच्या रॅम्पार्ट विभागातील जे भ्रष्टाचारप्रकरण उघडकीला आले, त्यातून तिची कल्पना निघाली. व्हिक मॅकी, शेन, लेम आणि रॉनी या चार पोलिसांचे एक खास पथक आहे. पहिल्याच भागात पथकात पेरलेल्या टेरी क्राउली या सहकाऱ्याला व्हिक गोळी घालतो, आणि शेनला ते ठाऊक असते. पुढे चौघे मिळून एका गुन्हेगारी टोळीचा पैसा लुटतात. त्या पैशाने त्यांच्यात इतका संशय माजतो की शेवटी लेम उरलेल्या नोटा भट्टीत जाळून टाकतो. मैत्री वाचवण्यासाठी पैसा जाळणारा हा एकटाच.

पुढे लेमचा एक गुन्हा चौकशी अधिकाऱ्याच्या हाती लागतो. सोबत्यांविरुद्ध साक्ष दे, सूट मिळेल, असे त्याला सांगितले जाते. तो देत नाही. परदेशी पळून जाण्यापेक्षा तुरुंगात जाणे पत्करावे, या विचारापर्यंत तो येतो. आणि नेमक्या याच वेळी त्याचा जिवलग मित्र शेन त्याला भेटावयास येतो, त्याच्यासाठी खाणे आणतो, आणि तो खात असताना त्याच्या गाडीत हातबॉम्ब टाकतो. शेन हे रडत करतो. लेमने काहीही सांगितलेले नसते.

या प्रसंगाचा अर्थ कसा लावावा? प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्या पुस्तकात सॉक्रेटिस थ्रॅसिमॅकसला विचारतो की, चोरांच्या टोळीलाही आपसांत न्यायाने वागल्याशिवाय काही साधता येईल काय? त्याच्या मते पूर्ण अन्यायी माणसांना एकत्र येऊन कोणतेच काम करता येणार नाही. टोळी टिकते ती तिच्यात उरलेल्या थोड्याशा न्यायामुळे. हे उत्तर दिलासा देणारे आहे. भ्रष्ट पोलिसांमधील इमान म्हणजे त्यांच्यातील उरलेसुरले सत्त्व, असे मग म्हणता येते, आणि अनेक लोकप्रिय कथा तसे म्हणतातच. 'द शील्ड' मात्र हा दिलासा काढून घेते.

हा फरक मांडण्यासाठी मला तीन मराठी शब्द उपयोगी पडतात : निष्ठा, विश्वास आणि खात्री. निष्ठेच्या मुळाशी 'स्था' हा धातू आहे. ती एका जागी ठाम उभे राहणे आहे, मग समोरचा कसाही असो. विश्वासाच्या मुळाशी 'श्वस्' आहे. दुसऱ्याच्या सोबतीत निर्धास्तपणे श्वास घेता येणे म्हणजे विश्वास. खात्री या दोहोंहून वेगळी. खात्री असते तेथे विश्वासाची गरज पडत नाही, कारण समोरच्याची चावी आपल्या खिशात असते. व्हिकच्या पथकात जो विश्वास वाटतो तो बहुतांशी खात्रीचा प्रकार आहे. प्रत्येकाजवळ इतरांचे गुपित आहे. प्रत्येकजण इतरांकडे ओलीस आहे. वाटा न घेणारा सहकारी अशा मंडळींना नको असतो, तो याचसाठी. त्याच्या प्रामाणिकपणाचा त्यांना राग नसतो. त्याच्याविषयी त्यांना खात्री नसते.

लेमची गोष्ट या उजेडात पाहावी. त्याने तुरुंग पत्करण्याचे ठरवले त्या क्षणी त्याच्यावर कोणाचीच पकड उरली नाही. त्याला गमावण्यासारखे काही राहिले नाही. यापुढे तो गप्प राहिला असता तर केवळ निष्ठेमुळे, आणि निव्वळ निष्ठेवर विश्वास ठेवण्याची शक्ती शेनमध्ये शिल्लक नव्हती. लेम मारला जातो तो फितूर झाला म्हणून नव्हे. तो खरोखर निष्ठावंत निघण्याची शक्यता निर्माण झाली, आणि या जगात तिला मोजण्याचे माप नव्हते, म्हणून. मालिकेच्या अखेरीस व्हिक सरकारी यंत्रणेकडून अभय मिळवून सारे गुन्हे सांगून टाकतो, आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिलेला रॉनी पकडला जातो. आपल्या कायद्याच्या भाषेत व्हिक 'माफीचा साक्षीदार' होतो. महाराष्ट्राला हा शब्द जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या खटल्यापासून चांगला परिचित आहे. माफीचा साक्षीदार खरे सांगतो, पण विकत घेतलेले खरे सांगतो. म्हणून न्यायालयही त्याच्या शब्दाला दुसऱ्या पुराव्याचा आधार मागते. व्हिकचे सत्य ही त्याची शेवटची बेइमानी आहे.

येथे आपण एका कोंडीत सापडतो. लेमप्रमाणे गप्प राहणे ही निष्ठा, पण ती गुन्ह्याची पाठराखण करते. व्हिकप्रमाणे बोलणे हे सत्य, पण ते मित्राला विकते. निष्ठा आणि साक्ष या दोहोंना एकत्र नांदता येईल अशी तिसरी वाट या कथांत आहे काय?

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकाबाहेरही आला. आमच्याकडून शिकून पोलीस दलात गेलेला एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी भेटावयास आला. दूरच्या एका ठाण्यात तो नोकरीला होता. तेथील एका वरिष्ठावर खात्याची चौकशी बसली होती आणि याचा जबाब व्हायचा होता. जे घडले ते याने पाहिले होते. अडचण अशी की नोकरीच्या पहिल्या वर्षी याचे वडील आजारी पडले तेव्हा याच वरिष्ठाने रजा मिळवून दिली होती, रात्री गाडी दिली होती, आणि इस्पितळाचे पैसे भरून पुन्हा कधी विषय काढला नव्हता. 'मॅडम,' तो म्हणाला, 'हैदर अली वाईट माणूस होता का हो?' त्याला सल्ला नको होता. मी म्हटले, 'नाही. तो चांगला होता, म्हणूनच अवघड आहे.' आम्ही बराच वेळ त्या चित्रपटाविषयी बोललो. त्याच्या प्रकरणाविषयी एक शब्दही बोललो नाही.

चारपाच महिन्यांनी त्याचा दूरध्वनी आला. जबाब देण्याच्या आदल्या संध्याकाळी तो त्या वरिष्ठाच्या घरी गेला होता आणि 'साहेब, मी पाहिलं ते सांगणार आहे' असे त्याने समोर सांगितले होते. 'मग काय म्हणाले?' असे मी विचारले. 'म्हणाले, सांग. पण जेवून जा.' आणि तो जेवला. दुसऱ्या दिवशी त्याने पाहिले ते सांगितले. पुढे चौकशीचे काय झाले हे त्याने सांगितले नाही. ते जेवण घशाखाली कसे उतरले, एवढेच तो पुन्हा पुन्हा बोलत राहिला.

या जेवणाचा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही. ती शेवटची पकड होती, पुन्हा एकदा मीठ चारणे होते? की ती क्षमा होती? की ज्याच्यावर आजवर केवळ खात्री होती त्याच्यावर पहिल्यांदाच ठेवलेला विश्वास होता? समीक्षेत आपण अशा ठिकाणी 'संदिग्धता' हा शब्द वापरून मोकळे होतो. त्या घरात बसून जेवणाऱ्या मुलाला ती सोय नव्हती. मात्र एक गोष्ट स्पष्ट आहे. त्याचे सांगणे व्हिकच्या सांगण्यासारखे नव्हते. त्याने मोबदला घेतला नव्हता, आणि ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे त्याच्या पाठीमागे तो बोलला नव्हता.

या कृतीला आपल्या परंपरेत पूर्वाधार आहे का, असे शोधू लागले तेव्हा मला महाभारताकडे जावे लागले. आणि बारामतीत महाभारताकडे जाताना वाटेत मोरोपंत (१७२९–१७९४) भेटतातच. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने ते येथे राहिले आणि येथेच त्यांनी भारत आर्यांत उतरवले. पुण्यात ज्या काळी घाशीराम कोतवाली करीत होता त्याच काळात पंत बारामतीत काव्यरचना करीत होते. एकाच राज्याच्या छायेखाली, एकाच मिठाच्या भाषेत वाढलेली ही दोन माणसे. महाभारत तर मिठाला जागणाऱ्यांनी भरलेले आहे. युद्धारंभी वंदनास आलेल्या युधिष्ठिराला भीष्म सांगतात की आपण कौरवांच्या अर्थाने बांधलेले आहोत. द्रोण आणि कृप तेच सांगतात. कर्णाला आपले जन्मरहस्य कळूनही दुर्योधनाचा उपकार सोडवत नाही. हे सारे एका अर्थी हैदर अलीच्याच ठाण्यातले लोक आहेत. अन्याय त्यांना दिसतो. ते त्याविषयी एकांतात बोलतातही. पण सभेत बोलत नाहीत, किंवा बोलले तरी कुंठित होऊन बोलतात.

सभेत बोलतो तो विकर्ण. दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ. द्यूतसभेत वडीलधारे खाली पाहत असताना तो उभा राहतो आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाही असे कारणे देऊन सांगतो. कर्ण त्याला पोरकट ठरवून गप्प बसवतो. आणि तरीही युद्धात विकर्ण भावांच्याच बाजूला उभा राहतो, भीमाच्या हातून मरतो, आणि त्याला मारल्यावर भीमाला दुःख होते. आपण कर्णावर नाटके लिहिली, कादंबऱ्या लिहिल्या. विकर्णाकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. याचे कारण बहुधा असे की कर्णाची निष्ठा आपल्याला ओळखीची वाटते. विकर्णाला काय म्हणावे हे आपल्याला कळत नाही. तो फितूर नाही, कारण त्याने पक्ष सोडला नाही. तो मिंधा नाही, कारण त्याने तोंड मिटले नाही. त्याची निष्ठा माणसांशी आहे आणि साक्ष घडलेल्या गोष्टीशी आहे, आणि या दोहोंची किंमत तो वेगवेगळी चुकवतो.

विकर्णाने युद्धात अन्यायाची बाजू सांभाळली, हे त्याचे अपुरेपण सांगितलेच पाहिजे. त्याला आदर्श म्हणून उभे करण्याचा माझा विचार नाही. पण पोलिसांवरील आपल्या कथा, नाटके आणि मालिका वाचताना 'व्यक्ती विरुद्ध व्यवस्था' या जोडीच्या मध्ये उभा असलेला हा माणूस आपण पाहावयास हवा, असे मला वाटते. वेलणकराचा स्फोट पाहून आपण हेलावतो, व्हिकच्या धूर्तपणाने दचकतो. हैदर अली मात्र नजरेतून सुटतो, आणि त्याच्यासमोर बसून, त्याचे उपकार न नाकारता, उद्या मी सांगणार आहे असे म्हणणाऱ्या कनिष्ठाची भूमिका मला माहीत असलेल्या संहितांत तर लिहिलेलीच नाही. माझे निम्मे विद्यार्थी उद्या त्या खुर्चीसमोर बसणार आहेत. तेथे त्यांना लागणारे एखादे वाक्य आमच्या साहित्यात आहे की नाही, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.